नर्सना दुसऱ्या शहरात नोकरी लावून देणारी सर्व्हिस: माझा अनुभव आणि पगाराचा खरा हिशोब

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. साडेतीन का आणि उरलेले दीड कुठे गेले ते सगळं सांगते, थोडं लांबेल, पण जी सिस्टर आत्ता ऑफर लेटर हातात घेऊन बसलीय आणि जाऊ की नको करत रात्र काढतेय तिच्यासाठी लिहितेय म्हणून घाईत उरकणार नाही.

मी स्टाफ नर्स, 11 वर्षं झाली, त्यातली सात मेडिकल वॉर्डात आणि चार आयसीयूत. गेल्या वर्षी घरात ठरलं की मोठ्या शहरात जाऊन बघू. पगार तीन वर्षांपासून तिथल्या तिथेच होता, इन्चार्जची जागा काही रिकामी होत नव्हती, मुलगी नऊ वर्षांची झाली, नवऱ्याचं काम असं की तो कुठूनही करू शकतो. मग एका मैत्रिणीने ह्या प्लेसमेंट सर्व्हिसचं सांगितलं. काम असं की तुम्ही माहिती भरायची, ते हॉस्पिटलांशी बोलतात, ऑफर आणतात, कागदपत्रं करून देतात, पहिले तीन महिने राहायची सोय पण बघतात. नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण मला जे खटकलं ते अशा बऱ्याच ठिकाणी होत असणार.

आधी चांगलं सांगते कारण चांगलं खरंच आहे. कागदपत्रांचं काम ह्यांनी अगदी व्यवस्थित केलं. ज्यांनी जागा बदललीय त्यांना माहितीये, नर्सिंगची नोंदणी हा सगळ्यात कटकटीचा भाग, आधीच्या नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी यायची, नावात एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर परत पहिल्यापासून सुरुवात, अनुभवाच्या दाखल्यावर तारखा जुळल्या पाहिजेत. माझ्या एका दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख चुकीची होती, मला अकरा वर्षांत दिसली नव्हती, ह्यांच्याकडे काम करणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी दिसली. नोंदणी हातात यायच्या आधी जुनी नोकरी सोडू नका हेही तिनेच सांगितलं, आणि हा सल्ला सोन्यासारखा आहे. ह्याच सर्व्हिसकडे आलेल्या एका मुलीने राजीनामा आधी दिला आणि पडताळणी रखडली तर अडीच महिने बिनपगारी घरी बसली.

दुसरं म्हणजे माझ्याकडून एक पैसा घेतला नाही, फी हॉस्पिटल देतं. हे तसंच असायला पाहिजे. खासगी रोजगार एजन्सींसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1997 चा 181 नंबरचा करार आहे, त्यात स्पष्ट आहे की नोकरी शोधणाऱ्याकडून सरळ किंवा आडमार्गाने फी घ्यायची नाही. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, पण कोणी 'रजिस्ट्रेशन चार्ज', 'फाईल चार्ज', 'ट्रेनिंग चार्ज' असं काही मागायला लागलं तर हे लक्षात ठेवा आणि तिथून उठा.

आता जे खटकलं ते.

मला दोन ऑफर आल्या. आकडे सांगत नाही कारण प्रत्येकीचे वेगळे असणार, माझा तेव्हाचा पगार 100 धरते म्हणजे कोणालाही स्वतःचा हिशोब लावता येईल. पहिलं हॉस्पिटल मोठं, नाव असलेलं, पगार 150. दुसरं मध्यम, नाव फारसं कोणी ऐकलेलं नाही, पगार 125. ह्यांच्या काउन्सेलर मॅडमनी एक तुलनेचा तक्ता पाठवला, रंगीत, छान केलेला. त्यात पगार, बोनस, राहायची सोय, बाँड किती वर्षांचा, म्हणजे किती वर्षं नोकरी सोडायची नाही, आणि शेवटी 'शहरातलं जीवनमान' असा एक रकाना. त्या रकान्यात दोन्हीकडे तेच, चांगल्या शाळा, मॉल, एअरपोर्ट जवळ. खाली ठळक अक्षरात पहिल्या हॉस्पिटलची शिफारस.

मी तक्ता तीनदा वाचला. एका नर्समागे पेशंट किती, हे त्यात कुठेच नाही. फोन करून विचारलं तर मॅडम म्हणाल्या, ताई ते वॉर्डावर अवलंबून असतं, तुम्ही रुजू झालात की कळेल. अहो पण रुजू झाल्यावर कळून काय उपयोग? आमच्या कामात पगाराच्या खालोखाल, मी तर म्हणेन पगाराच्या आधी, हाच आकडा. तो आकडा सांगतो की तुम्हाला ड्यूटीत पाणी प्यायला मिळणार का, बाथरूमला जाता येणार का, आणि पेशंट सुरक्षित राहणार का. ही माझ्या मनची गोष्ट नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2002 साली आला, त्यात एका नर्समागे एकेक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटचा 30 दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स कामाने पार खचून जाण्याची 23 टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने 1999 ला ह्याचा कायदाच केला, 2004 पासून लागू झाला, तिथे आयसीयूत एका नर्सकडे दोनच्या वर पेशंट नाही, मेडिकल सर्जिकल वॉर्डात पाचच्या वर नाही. म्हणजे हा आकडा मोजता येतो, लिहिता येतो, कायद्यात घालता येतो, मग तक्त्यात एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

तर मी दोन दिवसांची रजा काढली आणि स्वतः जाऊन बघितलं. सर्व्हिसवाल्यांनी हॉस्पिटल दाखवायची तयारी दाखवली होती, पण ती दुपारी अकरा ते एक, एचआरच्या माणसाबरोबर. त्या वेळात कुठलंही हॉस्पिटल चांगलंच दिसतं. मी सकाळी साडेसातला पहिल्या हॉस्पिटलच्या स्टाफच्या गेटवर जाऊन उभी राहिले. नाईट संपते आठला. आठ वाजले, सव्वाआठ झाले, मॉर्निंगच्या मुली कधीच आत गेल्या होत्या पण नाईटची एकही बाहेर येईना. पहिली सिस्टर आली ती आठ पन्नासला. पायरीवर बसली, बूट काढले, मोजे खाली केले आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच, इतके पाय सुजलेले. ती त्या खड्ड्याकडे बघत बसली होती, बाजूला मी उभी आहे हे तिला कळलं पण नाही.

मी जवळ जाऊन सांगितलं की मी पण नर्स आहे, इथे यायचा विचार करतेय. ती नाही म्हणाली नाही, ये पण म्हणाली नाही. म्हणाली, "काल 14 पेशंट होते माझ्याकडे ताई, त्यात दोघांना ब्लड चालू." बास, मला एवढं पुरे होतं. ब्लड लावल्यावर पहिली 15 मिनिटं पेशंटजवळ थांबायचं असतं, रिअ‍ॅक्शन आली तर बऱ्याचदा त्याच वेळात येते, हे आपण सगळ्या पहिल्या वर्षापासून शिकतो. चौदा पेशंट असताना ती 15 मिनिटं आणायची कुठून? आणि काही झालं तर सही तिची. मग उशिरा का निघालात विचारलं तर म्हणाली की आठनंतर ओव्हर द्यायची, म्हणजे पुढच्या ड्यूटीवालीला पेशंटची माहिती सांगायची, मग राहिलेलं चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या नोंदी लिहायच्या, त्याचे पैसे नाहीत, ते धरलेलंच असतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी कागद घेऊन बसले आणि 150 चा हिशोब केला, हा हिशोब जरा नीट वाचा. पहिल्यांदा कळलं की 150 मध्ये महिन्याच्या आठ नाईटचा भत्ता आधीच धरलेला आहे, नाईट कमी मिळाल्या की पगार 135 च्या आसपास. तरी आपण पूर्ण 150 धरू. हॉस्पिटलच्या जवळपास घर परवडत नव्हतं, जिथे परवडत होतं तिथून एका बाजूला सव्वा तास, आणि तिथेही भाडं 45. प्रवासाला 8. हातात उरले 97. आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे 26 दिवस आठ तास, 208. रोज ओव्हर आणि चार्टिंगचा धरून एक तास फुकट, 26. प्रवास रोज अडीच तास, 65. एकूण 299 तास.

दुसऱ्या ठिकाणी 125 मधून भाडं 30, कारण ते शहराच्या कडेला, चालत 20 मिनिटांवर घर मिळत होतं. उरले 95. आठवड्याला दोन सुट्ट्या, 22 दिवस, 176 तास, ओव्हरचा अर्धा तास रोज म्हणजे 11, चालणं सगळं मिळून 15. एकूण 202 तास.

म्हणजे 299 तास देऊन 97, किंवा 202 तास देऊन 95. तक्त्यात जो 25 चा फरक ठळक अक्षरात होता तो हातात येईपर्यंत 2 झाला, आणि त्या 2 साठी महिन्याला 97 तास जास्त. 97 तास म्हणजे चार दिवस चार रात्री. मुलीचा अभ्यास, माझी झोप, घरातलं एकमेकांशी दोन शब्द बोलणं, सगळं त्या 97 तासांत बसतं. नवऱ्याला कागद दाखवला, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, हे त्यांनी काढून द्यायला नको होतं का?

हो, द्यायला पाहिजे होतं. म्हणून एक स्टार कमी.

प्रवासाकडे तर कोणी बघतच नाही. 2004 मध्ये टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांच्या दिवसाचा अभ्यास झाला होता, डॅनियल काहनेमन वगैरे लोकांचा, दिवसभरात कुठल्या वेळी कसं वाटतं ते तासातासाचं विचारलेलं, त्यात सकाळी कामावर जायचा प्रवास सगळ्यात नकोसा निघाला. आणि त्या काही सगळ्या शिफ्टवाल्या नव्हत्या. आपल्याला इव्हिनिंग संपवून रात्री साडेनऊ दहाला निघायचं असतं, त्या वेळी बस किती अंतराने असते, स्टॉपपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे दिवसा बघून कळत नाही. मी दोन्ही रस्ते रात्री दहाला चालून बघितले. पहिल्या ठिकाणी 35 मिनिटं स्टॉपवर उभी होते, शेवटी माझ्याबरोबर फक्त एक सिक्युरिटीवाले काका उरले.

आता राहायच्या सोयीबद्दल, कारण ह्यांची जाहिरात त्यावरच जास्त आहे. ती खोली मी बघितली, एक रात्र राहिले पण. खोली स्वच्छ, पाणी चोवीस तास, दाराला कुलूप चांगलं, बाकी तक्रार नाही. पण एका खोलीत चौघी आणि चौघींच्या ड्यूट्या वेगळ्या. पहाटे पाचला एकीचा अलार्म, सातला दुसरी बॅग भरतेय, नऊला नाईटवाली झोपायला आली तेव्हा तिसरी केस वाळवतेय. खिडकी पूर्वेला, पडदा पातळ. नाईटवाल्या मुलीने काचेला आतून काळा कागद चिकटवला होता, सेलोटेप सुटायला लागली की परत परत लावलेली, टेपवर टेप. एवढ्या प्रयत्नाने ती तीन तास झोपायची. नाईट म्हणजे नुसती झोपेची मोडतोड नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 ला आणि परत 2019 ला नाईट शिफ्टचं काम कर्करोगाला बहुधा कारण ठरणाऱ्या गटात, म्हणजे 2 ए मध्ये टाकलंय. घाबरवायला नाही सांगत, नाईट आपल्याला करायच्याच आहेत, पण म्हणूनच लागोपाठ किती नाईट, नंतर ऑफ किती, आणि दिवसा झोपायला अंधारी शांत खोली मिळते का, हे पगाराएवढं महत्त्वाचं आहे. सर्व्हिसला माझं मनापासून सांगणं आहे की नाईटवाल्या मुलींची खोली वेगळी करा आणि जाड पडदे लावा, फार मोठा खर्च नाही.

अर्धा स्टार गेला तो ओरिजिनल सर्टिफिकेटवर. ऑफर पक्की करताना म्हणाले की डिप्लोम्याचं आणि नोंदणीचं ओरिजिनल आमच्याकडे जमा करा, बाँड संपला की परत. मी सरळ नाही म्हटलं. ओरिजिनल दाखवीन, पडताळा, प्रमाणित कॉपी घ्या, पण कागद माझ्याकडेच राहील. दोन दिवस ताणलं आणि मग कबूल झाले, म्हणजे तसं करणं गरजेचं नव्हतंच. किती मुली घाबरून देऊन टाकत असतील! कागद दुसऱ्याच्या कपाटात असला की वाईट वॉर्ड, वाईट इन्चार्ज, काहीही सहन करावं लागतं. आणि बाँड स्वतः वाचा. पहिल्या हॉस्पिटलच्या बाँडमध्ये सोडून गेलात तर तीन महिन्यांचा पूर्ण पगार भरायचा, तोच रजेचा पगार मोजायचा तर फक्त बेसिकवर, आणि बेसिक एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा कमी. घेताना पूर्ण आणि देताना अर्धा. ती ओळ चौथ्या पानावर होती.

दुसऱ्या हॉस्पिटलला पण मी तसंच न सांगता सकाळी गेले. आठ दहाला नाईटच्या मुली बाहेर, दोघी तिघी बोलत बोलत. आत इन्चार्ज सिस्टरना भेटले, मोठ्या होत्या वयाने, त्यांनी काही लपवलं नाही. भिंतीवर पुढच्या पूर्ण महिन्याचा ड्यूटी रोस्टर लावलेला, मुलींनी हव्या त्या सुट्ट्या पेन्सिलने बाजूला लिहिलेल्या, सिस्टरनी जमतील त्यांना पेनाने गोल केलेला. तीनच्या वर लागोपाठ नाईट नाही, नंतर दोन ऑफ. इव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावत नाहीत. नर्सिंग कर्मचाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 1977 ची शिफारस आहे ना, दोन ड्यूट्यांमध्ये सलग 12 तास विश्रांती हवी म्हणून, ती कागदावरची गोष्ट इथे भिंतीवर दिसली. वॉर्डात एका सिस्टरकडे सहा पेशंट, वाईट दिवशी आठ. आठ पण जास्तच आहेत, ते त्यांनी स्वतःच म्हटलं. दुसऱ्या वॉर्डात अचानक पाठवतात का विचारलं, म्हणाल्या पाठवावं लागतं कधी कधी, पण जिथलं काम येतं तिथेच. जुन्या किती टिकल्यात विचारलं तर बोटं मोजून सांगितलं, सोळापैकी नऊ जणी पाच वर्षांच्या वर. ह्या एका उत्तरात सगळं येतं, हा प्रश्न जिथे जाल तिथे विचाराच.

ह्या हॉस्पिटलमध्ये कमी पण आहे. मशिनरी जुनी, मोठ्या केसेस येत नाहीत, नवीन शिकायला कमी. माझ्याबरोबर नोंदणी केलेली एक 23 वर्षांची मुलगी पहिल्या हॉस्पिटलच्या हृदयाच्या आयसीयूत गेली, तिथे एका नर्सकडे दोनच पेशंट, ती हॉस्पिटलच्या मागेच दोघींत खोली करून राहते, प्रवास शून्य, आणि जे शिकतेय ते मला अकरा वर्षांत बघायला मिळालं नाही. तिच्यासाठी तीच ऑफर बरोबर. तिच्यावर घर नाही, दोन वर्षं घासून पुढे जायचंय. म्हणजे हॉस्पिटल वाईट म्हणून मी नाही म्हटलं नाही, त्या पगारात माझं आयुष्य बसत नव्हतं. एकाच हॉस्पिटलच्या दोन वॉर्डांत एवढा फरक असतो, म्हणून ऑफर लेटरवर वॉर्डाचं नाव लिहून घ्या, नुसतं 'स्टाफ नर्स' नको.

मी दुसरं घेतलं. काउन्सेलर मॅडमना फोन केला तेव्हा त्या जरा नाराज झाल्या, ताई 25 चा फरक आहे हो, म्हणाल्या. मी त्यांना कागदाचा फोटो पाठवला. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला, हे तास कसे धरले ते नीट समजावून घेतलं, आणि पुढच्या मुलींना हे दाखवू का विचारलं. मी हो म्हटलं. हे त्यांचं मला खरंच आवडलं, आणि म्हणून तीनचे साडेतीन केले, नाहीतर तीनच देणार होते.

आता आठ महिने झालेत. पहिले दोन महिने जड गेले ते खोटं नाही सांगणार, मुलीला शाळेत मैत्रिणी मिळेपर्यंत ती रोज संध्याकाळी गप्प असायची, मला नवीन इंजेक्शन पंप आणि कॉम्प्युटरवरचं चार्टिंग हातात बसायला वेळ लागला, आणि 'इथे असं नाही करत सिस्टर' हे अकरा वर्षांच्या अनुभवानंतर ऐकायला जिवावर येतं. पगारातून शिल्लक पडते ती आधीपेक्षा बरी, फार नाही. नाईट करून आले की सव्वाआठ साडेआठला घरात असते, मुलीची वेणी घालते, तिला गेटपर्यंत सोडते आणि मग जाड पडदा ओढून एक वाजेपर्यंत झोपते.

गेल्या आठवड्यात सर्व्हिसचा नवीन तक्ता एका मैत्रिणीला आला, तिने मला पाठवला. एका नर्समागे पेशंट किती, हा रकाना आता आहे. प्रवासाचे तास अजून नाहीत. ते घातले की मी येऊन चार स्टार करीन.